मधला चेंडू

व्यंकटरावांचा पाय मुरगळला तो नेमका सेमीफायनल जिंकायच्या चेंडूवर. त्यातही त्यांनी चेंडू जाळीपार केला, म्हणून त्यांच्यावर कोणाला धड रागावताही येईना. चेंडू पलीकडे पडला, खळ्याभोवतीचं सगळं गाव ओरडलं, आणि व्यंकटराव एका पायावर उभे राहून दुसरा पाय हातात धरून हसत होते. हसू ओसरल्यावर बघतात तो घोटा वांग्याएवढा सुजलेला.

"झालं!" गंगूताई खुर्चीतून म्हणाल्या. "फायनलात गेला अन् पायातून गेला!"

गंगूताई कऱ्हाळ्यांची थोरली लेक. दोन्ही भावांपेक्षा मोठी, आणि दोन्ही भावांना अजून चड्डीतली पोरं समजणारी. आज सामने बघायला म्हणून सकाळच्या एसटीनं वसमतहून आली होती आणि जाळीच्या खांबाशेजारी खुर्ची टाकून अशी बसली होती, की जणू सामने तिनंच भरवलेत.

खरं तर भरवले होते प्रतिक्षानं. व्यंकटराव आणि आशाबाईंची ही लेक तीन वर्षांपूर्वी परभणीहून खेळाच्या शिक्षणाची पदवी घेऊन गावी आली आणि तिला घरच्या खळ्यात टेनिसचं मैदान दिसलं. वाटण्यांच्या वेळी शेत, बैल, विहिरीच्या पाण्याची पाळी, सगळं दोन भावांत वाटलं गेलं. खळं तेवढं सामाईक राहिलं, कारण हळद दोघांचीही तिथंच वाळायची. मुरूम टाकून, पाणी मारून, दगडी रोळ फिरवून ती जमीन चाळीस वर्षं घोटलेली होती. प्रतिक्षानं त्यावर चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारल्या, लोखंडी पाइप रोवले, रोपवाटिकेची जुनी हिरवी जाळी बांधली आणि दर ऐतवारी लेकरं जमवली. आधी लेकरं आली. मग लेकरांना न्यायला आलेल्या बाया थांबू लागल्या. बायांना बघायला म्हातारे आले, आणि बसून बसून कंटाळल्यावर म्हाताऱ्यांनीही रॅकेट मागितली. आता ऐतवारचं टेनिस म्हटलं की सहा वर्षांच्या सृष्टीपासून सत्तरीच्या लखमाबुवांपर्यंत सगळे हजर, आणि जवळा बाजारची माणसंसुद्धा जीप करून येत.

आजच्या सामन्यांचा नियमही त्याच थाटाचा होता. जोडीत एक पन्नाशीच्या वरचा, एक पन्नाशीच्या खालचा. जोडीदार जायबंदी झाला तर बदली खेळाडू त्याच घरातला हवा आणि त्याच बाजूच्या वयाचा. हा नियम प्रतिक्षानं सकाळी भोंग्यावरून सगळ्यांना ऐकवला होता. आता तो तिच्याच आईच्या गळ्यात पडला होता.

आशाबाई रॅकेट पोटाशी धरून उभ्या होत्या. लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, हळद काढायला जाताना घालतात तसाच, आणि पायात कॅनव्हासचे बूट. वय अठ्ठेचाळीस, आणि गावात त्यांच्या बॅकहँडला तोड नाही, हे जवळा बाजारचे लोकही मान्य करत. पण आज त्यांचं लक्ष घोट्याकडे कमी आणि खळ्याच्या कडेला रचलेल्या नव्या पत्र्यांकडे जास्त होतं.

पत्रे काल आले होते. उद्या हळद शिजवायचा कुकर येणार होता. ते दरवर्षीचंच, शिजलेली हळद वाळेपर्यंत टेनिस बंद राही आणि हळद उचलली की पुन्हा रेघा पडत. पण यंदा मोठ्या भावानं, तातेरावांनी, खळ्यावर पक्की शेड टाकायचं ठरवलं होतं. अर्ध्या मैदानावर खांब येणार. म्हणजे टेनिस कायमचं बंद. आणि व्यंकटरावांनी त्याला 'हं' म्हटलं होतं. ही बातमी आशाबाईंना नवऱ्याकडून नाही, तर आज सकाळी तातेरावांच्या सुनेकडून, कोमलकडून कळली होती.

"काकी, मामंजींनी धाकट्या मामांना इचारलं, अन् ते हं म्हणले," कोमलनं चुलीपाशी येऊन कानात सांगितलं होतं. "तुमी काई तरी बोला ना."

आशाबाई काय बोलणार? तातेराव त्यांचे भासरे. लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली, भासऱ्यांशी त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. या घरात धाकटी भावजय भासऱ्यांसमोर तोंड उघडत नाही, त्यांची वाट आडवत नाही, त्यांच्यासमोर बाजेवर बसत नाही. अंगणात येताना तातेराव खाकरायचे, आणि ते खाकरले की आशाबाई डोक्यावर पदर घेऊन बाजूला व्हायच्या. भांडण असं कधी झालं नाही. बोलणंच नाही, तर भांडण कुठून होणार?

"बदली खेळाडू कोण?" पलीकडून जनकाबाई ओरडल्या. "का सोडून देता हंडा?"

जनकाबाईंचं जवळा बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. बांगडी भरताना गिऱ्हाइकाचं लक्ष हाताकडे जाऊ नये म्हणून अखंड बोलायची त्यांना सवय, आणि ती टेनिसमध्येही सुटली नव्हती. फायनलात त्यांच्या जोडीला नातू अद्वैत, हरणासारखा पळणारा. बक्षिसाचा स्टीलचा हंडा टेबलावर झळकत होता आणि जनकाबाईंनी तो मनातल्या मनात घरी नेऊन पाण्यानं भरलाही होता.

"माझ्याकडं बगू नका," गंगूताई म्हणाल्या. "मी आता दुसऱ्या घरची, अन् माझे गुडघे तर कुणाच्याच घरचे न्हाईत."

तेवढ्यात कोमल मागून आली आणि गंगूताईंच्या कानाला लागली. गंगूताईंचे डोळे आधी बारीक झाले, मग मोठे.

"काय म्हणतीस!"

"खरंच, आत्याबाई. म्या सवताच्या डोळ्यानं बघितलं."

"तात्या!" गंगूताईंनी सगळ्या खळ्याला ऐकू जाईल अशी हाक मारली. "हिकडं ये!"

तातेराव पत्र्यांपाशी मुलाबरोबर, स्वप्निलबरोबर, टेप धरून माप घेत होते. वय साठ, मिशा अजून काळ्या, आणि त्या कशा काळ्या राहतात हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

"काय हाय, अक्का? काम चालू हाय."

"गोदामाच्या भिंतीवर रोज सकाळी टकटक कोण करून राहिलंय?"

तातेरावांच्या हातातला टेप सटकन आत गेला.

"उंदरं असतील," ते म्हणाले.

"उंदरं रॅकेट घेऊन खेळायलेत व्हय रे?"

सगळं खळं हसलं. म्हणजे खेळाच्या पेटीतल्या रॅकेटच्या तारा दर आठवड्याला तुटत होत्या त्या अशा! प्रतिक्षानं त्यापायी अर्ध्या गावाच्या पोरांना झापलं होतं. तातेराव एकदम लाल झाले. सगळ्यांना वाटलं, आता ते पाठ फिरवून घरी जातील.

पण गंगूताई भावाला ओळखून होत्या. तरुणपणी तातेराव शूटिंगबॉलचे शूटर होते. औंढ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत त्यांचा फटका बघायला लोक झाडावर चढत. असा माणूस तीन वर्षं दर ऐतवारी गच्चीवरून पाठमोरा उभा राहून टेनिस न बघण्याचं नाटक करत होता. आणि समोर फायनल, भरलेलं खळं, जवळा बाजारचे लोक मिशीला पीळ देत बसलेले.

"कऱ्हाळ्याचा हंडा जवळ्याला चालला," गंगूताई सहज म्हणाल्या. "जाऊ दे. तू माप घे पत्र्याचं."

तातेरावांनी टेप स्वप्निलच्या हातात दिला आणि चपला काढल्या.

*

अनवाणी पायाला खळ्याची ऊब लागली तसं तातेरावांना बरं वाटलं. ही जमीन त्यांनी स्वतः रोळ ओढून घोटलेली होती. मागच्या साली अवकाळीनं याच जमिनीवर वाळत टाकलेली हळद भिजवली, काळी पाडली, आणि त्या दिवशी त्यांनी ठरवलं, की आता शेड. त्यात कोणाचं वाईट करायचा विचार नव्हता. खेळ खेळाच्या जागी, हळद हळदीच्या.

आता मात्र हातात रॅकेट होती. हळद, शेड, पत्रे काही काळ आठवेनात. शेजारी दोन हातांवर धाकट्याची बायको उभी होती. आतापर्यंत तिची पाठ किंवा पदरच दिसायचा. पदर आताही डोक्यावर होताच. तो सरकू नये म्हणून तिनं घाईघाईनं प्रतिक्षाच्या केसातली पिन काढून लावली होती.

"अकरा करतील ते जिंकले," पंच प्रतिक्षा म्हणाली. एकीकडे आई, तिच्या शेजारी मोठे बाबा, हे असलं चित्र तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. "दोन्ही बाजू तयार?"

"तयार!" जनकाबाई ओरडल्या.

कऱ्हाळ्यांकडून कोणीच काही म्हणालं नाही.

पहिलाच चेंडू आला तो दोघांच्या बरोबर मधे. तातेरावांना वाटलं, हिचा. आशाबाईंना वाटलं, मोठ्यांच्या आधी हात कसा घालावा. चेंडू दोघांच्या मधून अगदी आरामात गेला आणि मागच्या रेघेवर फक्की उडवून थांबला.

"एक!" जनकाबाईंनी टाळी वाजवली. "अद्वैत, मधे टाक रे बाबा, मधे! तिथं कुणीच ऱ्हात न्हाई!"

दुसराही मधे आला. या वेळी दोघंही धावले, आणि एकमेकांपासून वीतभर अंतरावर येताच आशाबाई जागीच थबकल्या. तिसऱ्याला तातेरावांनी मोकळा चेंडू पाहून हात उगारला आणि असा फटका मारला, की अद्वैतनं रॅकेट पुढे करायच्या ऐवजी डोकं खाली घातलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. लखमाबुवा उठून उभे राहिले. "अरे, हा त्योच हात! शिवरातीचा हात!" आशाबाईंच्याही अंगावर काटा आला. असा फटका त्यांनी या खळ्यावर पाहिला नव्हता. आपण मागं चेंडू सांभाळले आणि यांनी पुढं मारले तर जवळा बाजारची काय बिशाद? पण हे सांगायचं कसं?

जे सव्वीस वर्षं केलं तेच त्यांनी केलं. त्या गंगूताईंकडे वळल्या.

"ताई, त्यायला सांगा, पुढं जाळीपाशी ऱ्हावा म्हणावं. मागचं मी बगते."

"तात्या, ती म्हणतीय, पुढं ऱ्हा. मागचं ती बघती."

"तिला सांग, मंग डाव्या अंगाला सरकून ऱ्हाय म्हणावं."

"आशा, तो म्हणतोय, डाव्या अंगाला..."

"ओ पंचीणबाई!" जनकाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हे काय चाललंय? भाईरून सांगणं चालतंय का?"

प्रतिक्षानं आईकडे पाहिलं. मग आत्याकडे. मग डोळे मिटून घेतले, कारण उत्तर तिला पाठ होतं. तिनंच शिकवलं होतं.

"चालत नाही. आत्या, मैदानाबाहेरून खेळाडूंना काही सांगायचं नाही. पुन्हा बोललात तर गुण जाईल."

"अगं, मी काय शिकवून राहिले का? मी नुस्ता निरोप देते!"

"निरोपही नाही."

इतकी वर्षं त्या माहेरी आल्या की दोन चुलींमधलं सगळं टपाल त्यांच्याच हातून जायचं. आता ते पोस्ट बंद झालं, तेही भाचीच्या हुकमानं.

मग सुरू झाली खरी फजिती. धावून धावून तातेरावांच्या घशात मुरमाची धूळ गेली आणि ते खाकरले. झालं! चेंडू आशाबाईंच्या अगदी रॅकेटवर येत होता, मारणं म्हणजे हातचा मळ. पण खाकरणं कानावर पडलं आणि पायांनी डोक्याला विचारलंच नाही. आशाबाई पदर सावरत दोन पावलं बाजूला झाल्या, आणि चेंडू त्यांच्या मोकळ्या जागेतून निघून गेला.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग बायांच्या बाजूनं हशा उठला, कारण त्यांना कळलं होतं. तिथल्या प्रत्येकीच्या घरी कोणी ना कोणी खाकरणारं होतं.

तातेरावांनी घसा दाबून धरायचा प्रयत्न केला, पण दाबलेला खोकला जास्तच जोरात येतो. आणखी एकदा खाकरले, आणखी एक गुण गेला. जवळा बाजारचे सहा झाले तेव्हा कऱ्हाळ्यांचा एकच होता, तोही शिवरातीच्या हाताचा.

"कुणाचेही सहा झाले की बाजू बदलायची," प्रतिक्षानं जाहीर केलं. "पाणी पिऊन घ्या."

*

व्यंकटराव बाभळीखाली पाय बादलीत बुडवून बसले होते. आशाबाई तांब्या घ्यायला आल्या त्या पाणी न पिताच त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"शेडला हं म्हणलात?"

व्यंकटराव बादलीत बघू लागले. "कोण म्हणलं?"

"म्हणलात का न्हाई?"

"दादानं इचारलं. मी हं म्हणलो. दादाला आजवर कधी न्हाई म्हणलोय का मी?"

"तीन वर्सं झाली, मी ऐतवाराची वाट बघून जगून राहिले," आशाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "सोमवारपासून बघते. त्या रेघांच्या आत आले की मी कुणाची सून न्हाई, कुणाची भावजय न्हाई. मी आशा असते. अन् तुमी हं म्हणून मोकळे झाले. एक न्हाई म्हणायला तोंडाला काय झालं होतं?"

"अन् तुह्या तोंडाला?"

व्यंकटराव चिडून बोलले नव्हते. जे मनात आलं ते बोलले, आणि बोलल्यावर स्वतःच दचकले. आशाबाईंना ते वाक्य थेट छातीत लागलं. कारण ते खरं होतं. त्यांनी कोमलला सांगितलं असतं, कोमलनं गंगूताईंना, गंगूताईंनी तात्यांना. आणि इतक्या हातांतून जाता जाता 'नको' या शब्दाचं 'बघा बुवा' झालं असतं.

त्यांनी मदतीसाठी गंगूताईंकडे पाहिलं.

"माझ्याकडं काहून बघतीस?" गंगूताई म्हणाल्या. शेडच्या बाबतीत सकाळपर्यंत त्या तात्याच्या बाजूनं होत्या. भिजलेली हळद त्यांनीही पाहिली होती. पण आता त्यांचा सूर बदलला होता. "मला तुह्या पोरीनं मुकं केलंय. अन् खरं सांगू? बरं केलं. थकले मी तुमची टपालं वाहून."

कोमलनं हळूच तांब्या पुढे केला. "काकी, बोलता येत न्हाई तर रॅकेट हापटा खाली. एकदा हापटली की माझा. गोठ्यात गाईला थांबवायला आपण न्हाई का दांडकं हापटत?"

"त्यायला गाय समजू का मी?"

"मामंजींना काय समजायचं ते समजा, पर चेंडू मारा!"

*

पहिल्यांदा रॅकेट मुरमावर आपटली तेव्हा तातेराव दचकून थांबले, आणि आशाबाईंनी मागून येऊन दोघांच्या मधला चेंडू असा तिरका मारला, की जनकाबाई बोलायच्या थांबल्या. तातेरावांना अर्थ कळला. खाकरणं कळतं त्याला आपटणंही कळतं. पुढच्या उंच चेंडूला त्यांनी स्वतःची रॅकेट आपटली, माझा, आणि शिवरातीचा हात पुन्हा चालला.

ठक! आशाबाईंचा. ठक! तातेरावांचा. तोंडं बंद आणि रॅकेट बोलत होत्या. खाकरणं आलं तरी आशाबाई आता ओठ चावून जागेवर राहायच्या. सहाला चार झाले. आठाला सात झाले. लेकरांनी ताल धरला. रॅकेट आपटली की सगळं खळं एकदम पाय आपटायचं. सृष्टी टेबलावर चढून हंड्यावर वाजवू लागली, तिला कोणी उतरवलं नाही. व्यंकटराव बादली सोडून एका पायावर उड्या मारत रेघेपर्यंत आले. गंगूताईंनी तोंडात पदराचा बोळा कोंबला होता, न जाणो काही बोलून जायच्या आणि गुण जायचा.

"अद्वैत, तुझा! अद्वैत, माझा! अरे सोड! अरे मार!" जनकाबाईंचा घसा बसत आला होता, पण त्याही खमक्या. दहाला दहा झाले.

"शेवटचा गुण," प्रतिक्षा म्हणाली. "हा घेईल तो जिंकला."

ऊन कलतं होतं, आणि बाजू बदलल्यापासून तातेरावांच्या तोंडावर येत होतं. आशाबाई नेमक्या जाळीपाशी सापडल्या होत्या. अद्वैतचा आखूड चेंडू उचलायला त्या पुढे धावल्या आणि तातेराव मागे राहिले. चेंडू जाळीपार गेला. जनकाबाईंनी तो खालून उचलला, उंच, आशाबाईंच्या डोक्यावरून.

आशाबाई वळल्या. तातेराव उलट्या पावलांनी मागे सरकत होते, नजर वर, डावा हात उन्हाला आडवा, उजवा हात मागे खेचलेला. सगळ्या खळ्याला ठाऊक होतं, आता काय होणार. आशाबाईंना मात्र आणखी एक गोष्ट दिसत होती, जी उन्हामुळे तातेरावांना दिसत नव्हती. चेंडूला मागून वारा लागला होता. तो रेघेबाहेर चालला होता. तातेरावांनी हात लावला नाही तर सामना आपला. आणि या उन्हात मारला तर तो कुठं जाईल ते नागनाथालाच ठाऊक.

रॅकेट आपटावी, तर त्याचा अर्थ माझा. 'सोडा' म्हणायला आपटणं उपयोगाचं नव्हतं. त्याला शब्दच हवा होता.

"दादा, सोडा!"

आवाज इतका मोठा निघाला, की स्वतः आशाबाईंनाच तो दुसऱ्या कोणाचा वाटला. "सोडा, दादा! भाईर चाललाय!"

तातेरावांना उभ्या जन्मात कोणी हात थांबवायला सांगितलं नव्हतं. वडिलांनी नाही, अक्कानंही नाही. हात वर ताणलेला होता, चेंडू हाताच्या टप्प्यात होता, आणि तो आवाज कोणाचा हे कळायला त्यांना क्षणभर वेळ लागला. कळलं तसा हात वरच राहिला.

चेंडू त्यांच्या कानाजवळून गेला आणि रेघेपलीकडे पडला. फक्की हलली नाही.

"बाहेर!" प्रतिक्षा किंचाळली. पंचानं किंचाळू नये, पण ती किंचाळली. "बाहेर! अकरा!"

मग जे झालं ते सांगता येणार नाही, इतके लोक एकदम आत घुसले. लखमाबुवांचा फेटा कोणाच्या तरी डोक्यावर गेला. कोमल आशाबाईंच्या गळ्यात पडली. जनकाबाई जाळीखालून वाकून आल्या, आशाबाईंचा हात धरला आणि म्हणाल्या, "बाई, आधी बोलली असतीस तर आमाला तीनबी झाले नसते! दुकानाला ये, हिरवा चुडा माझ्याकडून." गंगूताईंनी तोंडातला बोळा काढला आणि धाय मोकलून रडायला लागल्या, विचारलं तर म्हणाल्या, गुडघा दुखतोय.

या सगळ्यात स्वप्निल टेप आणि पहार घेऊन आला. त्याला खेळाचं कौतुक होतं, पण अंधार पडायच्या आत खड्डे पाडायचं काम बापानंच सांगितलेलं होतं.

"बाबा, खांबाची जागा दाखवा. हितं, या कोपऱ्यापासून धरू का?"

पहारीचं टोक फक्कीच्या रेघेवर टेकलं होतं.

आशाबाईंनी कोमलचे हात गळ्यातून सोडवले. एकदा तोंड उघडलेलं होतं. आता ते मिटलं तर पुन्हा कधी उघडेल याचा भरवसा त्यांना स्वतःलाच नव्हता.

"दादा, हितं खड्डे नका पाडू."

गलका करणारे एकेक करून वळून बघू लागले.

"मागल्या साली हळद भिजली तवा मीबी रडले," आशाबाई म्हणाल्या. त्या मान वर करून बोलत होत्या. "शेड पायजे. न्हाई म्हणत न्हाई मी. पर ती हिरीजवळच्या पडीक रानात टाका. कुकर हिरीजवळच लागतो, त्याला बराबर पडती. ही जागा ऱ्हाऊ द्या."

तातेराव पत्र्यांकडे बघत होते. "अक्का, तिला सांग," ते म्हणाले, "हिरीजवळ काळी माती हाय. पाऊल रुततं. तिथं मुरूम..."

"मी मुकी हाय," गंगूताई म्हणाल्या.

तातेरावांनी पायाच्या बोटानं मुरूम उकरला.

"मुरूम आमी टाकतो," आशाबाई म्हणाल्या. "ऐतवाराचे सगळे. टोपल्या आमच्या, हात आमचे. तुमी निस्तं कुठं टाकायचा ते सांगा."

"मी रोळ ओढीन!" लखमाबुवा मागून म्हणाले. बायांच्या बाजूनं हात वर झाले. जनकाबाईंनीही वर केला, गाव वेगळं असून.

व्यंकटराव लंगडत पुढे आले आणि भावासमोर उभे राहिले. "दादा, परवा तू इचारलं तवा मी हं म्हणलो व्हतो." "ते हं नव्हं. न्हाई म्हणायचं व्हतं मला."

तातेरावांनी धाकट्याकडे असं पाहिलं, की जणू तो आत्ताच जन्माला आलाय. मग रॅकेटच्या तारांवर अंगठा फिरवत राहिले. एक तार तुटलेली होती.

"स्वप्निल," ते म्हणाले, "पहार उचल. हिरीकडं चल, तिथं माप घे."

कोणी ओरडलं नाही, कारण ओरडावं की नाही ते कळेना. तातेराव रॅकेट काखेत घेऊन निघाले. खळ्याबाहेर जायची वाट जाळीच्या खांबाच्या शेजारून होती आणि तिथंच आशाबाई उभ्या होत्या. दोन हातांवर आल्यावर, सवयीनं, तातेराव खाकरले.

आशाबाईंचा हात पदराकडे गेला. पाय मात्र जागचे हलले नाहीत.

तातेरावही थांबले.

"आशाबाई," ते म्हणाले. सव्वीस वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडी पहिल्यांदा आलं होतं आणि ते त्यांना जरा अवघड गेलं. "मुरूम तू टाकणार म्हणलीस. म्या ऐकलंय."

"व्हय, दादा."

"अन् त्यो चेंडू. खरंच भाईर व्हता?"

"इतभर."

"बरं," तातेराव म्हणाले. मिशीत हसू होतं की धूळ, ते कोणाला सांगता आलं नाही. "मंग पुढच्या येळंला जरा लवकर सांगत जा. माझा हात सुटला असता."

मग ते बाजूला झाले आणि तिला वळसा घालून विहिरीच्या वाटेला लागले.